कूपरटिनोचे क्रोएशियन बागायतदार: यांनी जमिनी का विकल्या नाहीत?

सनीवेलकरीण

नमस्कार मंडळी. दर उन्हाळ्यात आम्ही मॉर्गन हिलच्या बाजूला एका बागेत चेरी आणि जर्दाळू आणायला जातो. बागेच्या तोंडाशी लाकडी शेड आहे, तिथे मालक स्वतः सुरी घेऊन उभे असतात. ऐंशीच्या पुढचे. फोड कापून हातावर ठेवतात आणि आपण खाईपर्यंत आपल्या तोंडाकडे बघत राहतात.

यंदा मुलाला शाळेतून काम मिळालंय: 'आपल्या गावात आपल्याआधी कोण होतं' हे कुणाशी तरी बोलून लिहायचं. त्याने या आजोबांना गाठलं. आईवडील क्रोएशियातल्या एका बेटावरचे, स्वतःचा जन्म कूपरटिनोचा, आणि "तुझे बाबा गाडी लावतात ना, तिथे आमचे आलुबुखार होते" एवढं कळलं. मागे रांग लागली होती, पुढे बोलता आलं नाही.

तर क्रोएशियातले लोक इथेच कसे आले? घर कसं चालायचं? आणि सगळे विकून मोकळे झाले तेव्हा यांनी का विकलं नाही? शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात वाद आहे. नवरा म्हणतो, आजोबा तत्त्वाचे पक्के, पैशाला भुलले नाहीत. मला ही गोष्ट जरा जास्तच गोड वाटते. जाणकारांनी सांगावं.

माळरान

थोडी पार्श्वभूमी. सांता क्लारा खोऱ्यात, म्हणजे आजच्या सिलिकॉन व्हॅलीत, आलुबुखाराची फ्रेंच जात पेलिए बंधूंनी १८५६ मध्ये आणली. पुढची शंभर वर्षं हे खोरं म्हणजे जर्दाळू, आलुबुखार, चेरी, अक्रोड आणि डबाबंद फळांचे कारखाने. सिलिकॉन येण्याआधी याचं नाव 'व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट' होतं. १९१७ मध्ये शेतकऱ्यांनी सॅन होजेत जी सहकारी संस्था काढली तीच आजची सनस्वीट, सुक्या आलुबुखारांची कंपनी. क्रोएशियनांपैकी सगळ्यात ठाऊक नाव मारियानी. पॉल मारियानी व्हिस बेटावरून आले, १९०६ पासून सुक्या फळांचा धंदा. त्यांची पाकिटं अजूनही दुकानात दिसतात, फक्त आता कारखाना या खोऱ्यात नाही, व्हॅकाव्हिलला आहे.

गंधकघर

@सनीवेलकरीण, तुमचा संशय बरोबर आहे. जमीन विकली. यांनी नाही, यांच्या वडिलांनी. आणि विकली म्हणूनच बाग उरली.

निवृत्त झाल्यापासून मी उन्हाळ्यात शनिवारी अशाच एका बागेत हात लावायला जातो. मजुरी म्हणजे मऊ पडलेल्या जर्दाळूंची एक पेटी आणि भरपूर बोलणी. तुमचेच आजोबा असतील किंवा दुसरे कुणी. त्या पिढीची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही त्यांना बॉस म्हणतो.

वडील व्हिस बेटावरचे. तिथे पोट दोन गोष्टींवर: मासे आणि द्राक्षं. १८९० च्या दशकात ऑस्ट्रिया-हंगेरीने करार करून इटलीची वाइन स्वस्तात आत येऊ दिली. त्याच सुमारास फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड डाल्मेशियात, म्हणजे क्रोएशियाच्या या किनारपट्टीत, शिरली आणि वेली वाळत गेल्या. वर बादशहाच्या फौजेत सक्तीची नोकरी. पोरगा सतरा वर्षांचा असताना, पहिल्या महायुद्धाच्या जरा आधी निघाला. अमेरिकेच्या कागदावर तो 'ऑस्ट्रियन', कारण १९१८ पर्यंत डाल्मेशिया ऑस्ट्रियाकडे होतं. इथेच का? गावचा माणूस इथे होता म्हणून. त्याच्या बागेत फळं तोडली, मग खंडाने बाग घेतली, मग मंदीत बँकेने जप्त केलेली बारा एकर विकत घेतली.

लग्नाला नागरिकत्व मिळेपर्यंत थांबले. १९२४ च्या कायद्याने अख्ख्या युगोस्लाव्हियाला (डाल्मेशिया आता त्यात) वर्षाला ६७१ जणांचा कोटा होता, नागरिकाच्या बायकोला मात्र कोटा लागू नव्हता. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना हे गणित समजावून सांगायला नको. बेटावर जाऊन लग्न केलं, बायकोला घेऊन आले. बॉस १९४० चे. पहिलीत गेले तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, घरात बेटावरची बोली.

घर चालवायची आई. जूनच्या शेवटापासून जर्दाळू. बायका-पोरं शेडमध्ये उभ्याने कापायची: शिवणीवरून सुरी फिरवायची, बी काढायची, अर्धुकं पोटाकडून वर करून लाकडी ट्रेवर मांडायचं. बॉस सहाव्या वर्षापासून खोक्यावर उभे राहून कापत. पेटी संपली की कार्डाला भोक. आई स्वतःच्या पोरांनाही इतरांच्याच दराने पैसे द्यायची आणि शाळा सुरू व्हायच्या आधी तेच पैसे बुटांसाठी परत घ्यायची. बॉसना हे आजही पटलेलं नाही.

मग भरलेले ट्रे गंधकघरात. बंद लाकडी खोली, आत गंधक पेटवायचं, रात्रभर धुरी द्यायची, म्हणजे फळ काळं पडत नाही. सकाळी दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी. (माझ्या आयडीचं मूळ हेच.) त्यानंतर काही दिवस उन्हात. जर्दाळू आटोपतो तोवर ऑगस्टात आलुबुखार, आणि ते काम खरं कंबरडं मोडणारं. ते झाडावरून तोडत नाहीत, पूर्ण पिकून खाली पडू देतात. गुडघ्यांवर रांगत वेचायचे, कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात बुचकळून साल तडकवायची, वाळत घालायचे. वेचणी उरकेपर्यंत शाळासुद्धा उघडत नसे. माणसं मेक्सिकोतून सरकारी करारावर आलेली. त्यांचा स्वयंपाकही आईकडेच. नाताळच्या आदल्या रात्री बकालार, म्हणजे सुकवलेला कॉड मासा. परसात ब्लित्वा, आपल्या पालकाचा दांडगा भाऊ, बटाट्यात घालून ऑलिव्ह तेलावर. शेतकऱ्याच्या घरात फळ मात्र डागाळलेलंच खायला मिळे, चांगलं सगळं विकायला.

आता विक्री. १९५५ मध्ये कूपरटिनो शहर झालं, १९५६ मध्ये लॉकहीड ही विमानं-क्षेपणास्त्रांची कंपनी सनीवेलला आली. शेजारच्या बागेत प्लॉट पडले की तुमच्या बागेची किंमतही प्लॉटच्या भावाने धरायची आणि तसा कर लावायचा. उत्पन्न जर्दाळूचं, कर बंगल्याचा. त्यात नव्या शेजाऱ्यांच्या तक्रारी: पहाटे ट्रॅक्टर, फवारणीचा वास, गारठ्याच्या रात्री झाडांना ऊब द्यायला पेटवलेल्या तेलाच्या शेगड्यांची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर. वडिलांनी १९५९ मध्ये सही केली. जमिनीच्या बदल्यात जमीन घेतली तर नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो, म्हणून रोख न घेता दक्षिणेला जवळजवळ चौपट जमीन घेतली. बॉस तेव्हा सॅन होजे स्टेटला शिकत होते, त्यांना कुणी विचारलंही नाही. असे शेकडो गेले: कुणी दक्षिणेला, कुणी सॅक्रामेंटो खोऱ्यात. आलुबुखाराचा धंदा आज तिकडेच आहे. या खोऱ्यातली शेती मेली असं आपण म्हणतो, पण बरीचशी ती पैसे घेऊन उठून गेली.

बॉसनी नंतर विकली नाही हे खरं, पण त्यामागे १९६५ चा कायदाही आहे. शेतीच करीन असा दहा वर्षांचा करार राज्याच्या त्या योजनेत केला, की कर शेतीच्या उत्पन्नावर ठरतो. करार आपोआप वाढत राहतो, बाहेर पडायचं तर वर्षानुवर्षं लागतात. तत्त्व आहेच हो, पण तत्त्वाला कागदाचा टेकू आहे.

मला जास्त कौतुक पुढच्याचं वाटतं. डबाबंदीचे कारखाने एकामागून एक बंद झाले, तुर्कस्तानचे सुके जर्दाळू इथल्यापेक्षा स्वस्तात आले. ब्लेनहाइम जातीचा जर्दाळू आतून बाहेर पिकतो: खांद्याला हिरवा दिसतो तेव्हा आत मध झालेला असतो, आणि दोन दिवसांत बसतो. ट्रकने पाठवायला निकामी. म्हणून मोठ्या बागांनी पॅटरसनसारख्या टणक जाती लावल्या. बॉसनी उलटा हिशेब केला: जे फळ ट्रकमध्ये टिकत नाही तेच लावायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला दारात यावंच लागतं.

स्वभावाने कडक. एकदा जानेवारीत मी छाटणीचं विचारलं तर खेकसलेच. जर्दाळू पावसाळ्यात छाटला की जखमेतून युटायपा बुरशी शिरते आणि फांदी वाळत जाते, म्हणून फळ उतरल्यावर कोरड्या दिवसांतच छाटायचा. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो हे आपण कॉम्प्युटरवाले विसरतो. चेरीला गारठ्याचे तास लागतात; २०१४ चा हिवाळा ऊबदार गेला आणि राज्यभर चेरीचं पीक बुडालं. त्या वर्षाचा विषय काढलेला चालत नाही.

पश्चिम_ऑकलंड

आमच्याकडे न्यूझीलंडमध्येही हेच लोक, याच काळात, याच कारणांनी. फक्त इथे आल्यावर आधी चिखलात खणून कौरी झाडाचा जुना डिंक काढायचे. त्यातून पैसे साठवून हेंडरसन, कुमेऊ, ओरेशिया भागात बागा आणि द्राक्षमळे केले. बाबिच कुटुंबाची वाइन १९१६ पासूनची आहे. पहिल्या महायुद्धात यांना 'ऑस्ट्रियन' म्हणून शत्रूपक्षात धरलं होतं. ज्या बादशहाच्या फौजेतून पळाले त्याचेच हस्तक ठरले. कॅलिफोर्नियात असा त्रास झाला का?

बिनपाण्याचा

लेख छान, पण एक खिळा ठोकतो. वडिलांना ती बारा एकर घेता आली, कारण ते गोरे धरले गेले. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन घेता येत नव्हती: जपानी, चिनी आणि १९२३ च्या थिंड खटल्याच्या निकालानंतर (भारतीय गोरे नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत) आपणही. याच खोऱ्यात जपानी कुटुंबं दुसऱ्यांच्या नावावर किंवा खंडाने शेती करत होती, १९४२ मध्ये त्यांना उचलून छावण्यांत टाकलं. तो कायदा १९५२ मध्ये कोर्टाने मोडला. मेहनत सगळ्यांनीच केली, सातबारा ठरावीक लोकांनाच मिळाला. मुलाच्या निबंधात हे यावं.

गंधकघर

@बिनपाण्याचा, मान्य, आणि बॉसही हेच सांगतात. त्यांच्या बांधाला लागून एक जपानी कुटुंब स्ट्रॉबेरी करायचं. १९४२ मध्ये त्यांची अवजारं आणि ट्रक वडिलांनी आपल्या कोठारात ठेवले, परत आल्यावर दिले. सगळ्यांच्या शेजाऱ्यांनी असं केलं नाही, हेही ते लगेच पुढे जोडतात.

@पश्चिम_ऑकलंड, छळाचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. वडिलांना दुखलं ते दुसरंच: सॅन होजेत दुकानदार सरसकट 'स्लाव्होनियन', म्हणजे कुठलेतरी स्लाव, म्हणायचे. इथल्या जुन्या मंडळांच्या नावातही तोच शब्द, सॅन फ्रान्सिस्कोतलं १८५७ पासूनचं आहे.

सनीवेलकरीण

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. 'कागदाचा टेकू' ऐकून गप्प झाला. बिनपाण्याचा, तुमचा मुद्दा मुलाने लिहून घेतलाय, त्याला थिंड खटला माहीतच नव्हता (मलाही). येत्या शनिवारी त्याला घेऊन परत जाते. गर्दी कधी कमी असते? आणि सुके जर्दाळू घेऊ का, धाकटीला दमा आहे.

गंधकघर

उघडल्या उघडल्या जा, दहानंतर बोलायला सवड नसते. मुलाला छाटणीवर प्रश्न विचारायला सांगा, मग अर्धा तास तुमचा. ताज्या फळाला पिशवी नेऊ नका, उथळ खोकं न्या आणि एकच थर लावा, नाहीतर घरी पोचेपर्यंत मुरंबा होईल. दमा असेल तर नारिंगी दिसणारे सुके जर्दाळू टाळा, त्यात गंधक असतं आणि त्याने त्रास होऊ शकतो. बिनगंधकाचे वेगळे ठेवलेले असतात, तपकिरी आणि चिवट. दिसायला खारकेसारखे, पण पाण्यात भिजवून खिरीत घाला.