दिवाळीला भारतात जातोय, हमिंगबर्डच्या फीडरचं काय करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. मागच्या अंगणात हमिंगबर्डसाठी साखरपाण्याचे दोन फीडर टांगलेत आणि सप्टेंबर लागल्यापासून त्यांच्यावर नुसती झुंबड आहे. सगळे रुबी-थ्रोटेड जातीचे. हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे जाणारे मोठे नर ऑगस्टपासूनच पुढे सरकायला लागले, आता माद्या आणि यंदाची पिल्लं. त्यातल्या एकाच्या पांढऱ्या गळ्यावर एका बाजूला लाल पिसं नुकती फुटू लागली आहेत, ऊन पडलं की तेवढाच ठिपका निखाऱ्यासारखा पेटतो.

जेमतेम तीन ग्रॅमचा जीव! यातले काही मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, साधारण ८०० किलोमीटर, मधे टेकायला काही नाही. बाकीचे किनाऱ्याकिनाऱ्याने मेक्सिकोत उतरतात. निघण्यापूर्वी चरबी चढवून वजन जवळजवळ दुप्पट करतात, म्हणून मला आत्ताची काळजी जास्त वाटते.

आम्ही ऑक्टोबरच्या मध्याला पुण्याला निघतोय, परत येऊ ते थँक्सगिव्हिंगच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरअखेर. फीडर रिकामे राहिले तर पक्षी ताटकळत बसतील का? की आत्ताच काढून ठेवू? शेजारच्या आजोबांचं म्हणणं, सप्टेंबरनंतर फीडर ठेवला तर पक्षी खाण्याच्या लोभाने थांबतात आणि थंडीत मरतात. हे खरं आहे का?

अजून दोन गोष्टी. एक दांडगोबा दिवसभर फांदीवर बसून दोन्ही फीडर राखतो, कुणाला चोच लावू देत नाही. आणि गांधीलमाश्यांनी उच्छाद मांडलाय.

सासूबाई सध्या इथेच आहेत. पुण्यात जास्वंदीवर येणारे शिंजीर त्यांनी आयुष्यभर पाहिलेत, त्यामुळे या पक्ष्यांवर त्यांचा फार जीव आहे. त्या म्हणतात, पांढरी साखर कशाला, गूळ घाल. घालू का?

जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद, ऑस्टिनहून:

गूळ अजिबात नको, ताई. गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये लोह असतं, ते या पक्ष्यांना बाधतं. मधही नको, पातळ केला की आंबतो आणि बुरशी धरतो. साधी पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या. लाल रंग घालायची गरज नाही, फीडरचा लाल भाग पुरतो.

आजोबांना सांगा, फीडरमुळे कुणी थांबत नाही. दिवस लहान होऊ लागला की त्यांना आपोआप निघायची ओढ लागते. उलट उत्तरेकडून उशिरा निघालेल्यांना वाटेत आधार होतो, म्हणून शेवटचा पक्षी दिसल्यावरही दोनेक आठवडे फीडर ठेवावा. पण तुम्ही घरी नसाल तर निघायच्या दिवशी धुऊन आत ठेवा. तुमच्याकडच्या उन्हात साखरपाणी दोन-तीन दिवसांत खराब होतं, आणि आंबलेलं पाणी रिकाम्या फीडरपेक्षा वाईट. पक्षी काही तुमच्या एकटीच्या भरवशावर नसतात. ते फुलांवर जातात, चिलटं, कोळी खातात.

दांडगोबासाठी एक फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला न्या, एकावरून दुसरा दिसता कामा नये. गांधीलमाश्यांसाठी ताटलीसारखा पसरट फीडर घ्या: पाणी खोल राहतं, पक्ष्याची जीभ पोचते, माशीची नाही. पिवळी फुलं चिकटवलेला घेऊ नका, पिवळ्याकडे त्या हमखास येतात. आणि दांडीला तेल किंवा व्हॅसलिन कधीच लावू नका. पिसांना लागलं तर पक्ष्याला ते काढता येत नाही.

धागाकर्ती:

मनापासून आभार! एक फीडर आजच पुढच्या दारी हलवते. सासूबाईंना गुळाचं पटलं, पण आता त्या विचारताहेत की आपण नसताना त्यांच्यासाठी काही लावता येईल का.

प्रतिसाद, ऑस्टिनहून:

टर्क्स कॅप लावा. जास्वंदीच्याच कुळातलं आहे, लाल फूल मिटल्यासारखं राहतं, सावलीतही येतं आणि कडक थंडी पडेपर्यंत फुलतं. सप्टेंबरात लावलंत तर निघेपर्यंत थोडं रुजेल, शेजारच्या आजोबांना पाणी घालायला सांगा. आणि परत आल्यावर फीडर पुन्हा टांगा. रुबी-थ्रोटेड बहुतेक गेलेले असतील, पण पश्चिमेकडचे तांबूस रूफस हमिंगबर्ड हिवाळ्यात ह्यूस्टनकडे येतात. एखादा आला तर फोटो नक्की टाका.