ब्रूटसला फितवलं कोणी? ('ज्युलियस सीझर'च्या अभिवाचनासाठी मत हवंय)

तालीमवेडी:
नमस्कार मंडळी. आमच्या हौशी ग्रुपने शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर'चं अभिवाचन करायचं ठरवलंय. सगळं दीड तासात बसवायचं आहे, म्हणजे कात्री लावणं आलंच, आणि ते काम माझ्याकडे आहे. अडलंय दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला. सीझरचा मित्र, रोमचा सरदार ब्रूटस सीझरला मारायच्या विचारात मध्यरात्री बागेत एकटाच बोलतो, ते स्वगत. आमच्यात ब्रूटस वाचणारे काका म्हणतात, ते काढून टाक. त्यांचं म्हणणं असं, की सीझरविरुद्ध कट रचणाऱ्या कॅशियसने पहिल्या अंकात ब्रूटसचे कान भरले, खोट्या चिठ्ठ्या टाकल्या आणि सरळमार्गी ब्रूटस फसला, एवढं लोकांना कळलं की झालं. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांच्यासमोर नीट मांडता येत नाहीये. खरंच कॅशियसने त्याला फितवलं का? स्वगत गेलं तर नाटकातून काय जाईल?

दुसरी_घंटा:
ताई, बाकी काहीही कापा, हे ठेवा. त्या स्वगताचं तोंडच बघा. 'त्याला मरावंच लागेल' इथून ब्रूटस सुरुवात करतो. निकाल आधी लागलाय, कारणं तो त्यानंतर शोधतोय. आणि शोधताना प्रामाणिकपणे कबूलही करतो की सीझरशी माझं वैयक्तिक वैर नाही, त्याच्या भावनांनी त्याच्या विवेकावर मात केल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. म्हणजे आजच्या सीझरवर ठेवायला आरोपच नाही. मग तो उद्याच्या सीझरवर खटला भरतो. मुकुट मिळाला तर हा बदलेल, वर पोचल्यावर शिडीकडे पाठ फिरवेल, तेव्हा याला सापाचं अंडं समजून कवचातच मारावं. सगळा डोलारा 'तर'वर उभा आहे.

आता क्रम बघा. हे सगळं बोलून झाल्यावर ब्रूटसचा नोकर ल्यूशस खिडकीत सापडलेली चिठ्ठी आणून देतो. ब्रूटसच्या मनात सीझर त्याआधीच मेलेला आहे.

त्या चिठ्ठीत तरी काय आहे? 'ब्रूटस, तू झोपला आहेस, जागा हो', आणि पुढे 'रोमने काय...' असं अर्धवट सोडलेलं वाक्य. ते वाक्य ब्रूटस स्वतः पुरं करतो: एका माणसाच्या धाकाखाली रोमने राहायचं? लगेच त्याला टार्क्विन राजाला हाकलून लावणारे आपले पूर्वज आठवतात. कॅशियसने फक्त जागा कोरी ठेवली. हा प्रसंग मी जेव्हा वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण माणूस स्वतःला कसा पटवतो ते इतक्या जवळून मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

आणखी एक. शेक्सपियरने ही कथा प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कच्या चरित्रांतून घेतली, टॉमस नॉर्थच्या 1579 च्या इंग्रजी भाषांतरातून. तिथे अशा चिठ्ठ्या ब्रूटसचे मित्र आणि शहरातले लोक टाकतात. नाटकात मात्र वेगवेगळ्या अक्षरांत त्या टाकायचं कारस्थान कॅशियसचं आहे. एवढा ढळढळीत कट दाखवून, त्या चिठ्ठीच्या आधी हे स्वगत ठेवलंय. काकांना एवढंच दाखवा.

विंगेतून:
दुसरी_घंटा यांचं बरोबर आहे, पण कॅशियसला इतक्या सहज सोडू नका. पहिल्या अंकात तो ब्रूटसला सांगतो काय? टायबर नदीत पोहताना सीझर 'मला वाचव' म्हणून ओरडला, स्पेनमध्ये तापाने थरथरत पाणी मागत होता. यात रोमचं भलं कुठे आहे? आपल्यासारख्याच माणसापुढे वाकावं लागतं, ही आग आहे. ब्रूटस गेल्यावर तो एकटाच म्हणतो, मी ब्रूटस असतो आणि तो कॅशियस, तर मी त्याला बधलो नसतो. आपण काय करतोय ते त्याला पक्कं माहीत आहे.

मला मात्र त्यानंतरचं जास्त अस्वस्थ करतं. एकदा ब्रूटस कटात आला की कॅशियसचं काही चालत नाही. शपथ घेऊ या म्हटलं, ब्रूटस नको म्हणतो. नामवंत वक्ता सिसेरोला घेऊ या, नको. सीझरचा जिवलग अँटनी, त्यालाही मारू या, नको, आपण यज्ञ करणारे आहोत, खाटीक नाही. सीझरच्या अंत्यविधीत अँटनीला भाषण करू देऊ नकोस, नाही, करू दे. शेवटी अँटनीच्या फौजेशी लढायला फिलिपीला चालून जायचं की थांबायचं, तिथेही ब्रूटसचाच शब्द. अँटनीच्या बाबतीत दोन्ही वेळा कॅशियस बरोबर होता. तरी तो ऐकतो, कारण ब्रूटसच्या नावाशिवाय हा कट म्हणजे नुसता खून आहे. कटातला कॅस्का हे स्पष्ट बोलतो: आपण केलं तर जो गुन्हा दिसेल, तो ब्रूटसच्या चेहऱ्यामुळे पुण्य ठरेल. कॅस्काचं ते वाक्य कापू नका.

तालीमवेडी:
खूप खूप आभार. हे असंच्या असं काकांना वाचून दाखवणार आहे. पण मग वेळ कुठे वाचवू? कटातला डेसियस सीझरला घरून सिनेटला घेऊन जातो तो प्रसंग काढू का?

दुसरी_घंटा:
तो नको! सीझरच्या बायकोला, कॅल्पुर्नियाला, स्वप्नात सीझरच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा दिसतात आणि डेसियस उभ्या उभ्या त्याचा शुभ अर्थ लावतो. वर सांगतो, सिनेट आज मुकुट देणार आहे, नाही आलात तर मन बदलेल, शिवाय बायकोच्या स्वप्नामुळे थांबले म्हणून लोक हसतील. पुढच्या क्षणी सीझर झगा मागतो. मोठेपणाची हाव आणि हसं होण्याची भीती, दोन्ही एका दमात. कापायचंच तर पाचव्या अंकातली रणांगणावरची ये-जा कापा. चौथ्यात ब्रूटसची बायको पोर्शिया हिच्या मृत्यूची बातमी दोनदा येते, त्यातली मेसाला आणतो ती दुसरी गेली तरी चालेल.

विंगेतून:
आणि अँटनीचं भाषण वाचणाऱ्याला एक सांगा. सीझरचा झगा दाखवत तो म्हणतो, इथे कॅशियसचा खंजीर शिरला, इथे कॅस्काचा, इथे ब्रूटसचा. पण वार होत होते तेव्हा अँटनी तिथे नव्हताच, कटातल्या ट्रेबोनियसने त्याला आधीच बाहेर नेलं होतं. कुठलं भोक कोणाचं, हे त्याला कळणं शक्य नाही. म्हणून तिथे आवाज चढवू नका, डोळ्यांनी पाहिलेलं सांगावं तसं शांतपणे, बोट ठेवत वाचा. गर्दी तिथेच फिरते, सीझरचं मृत्युपत्र तर तो त्यानंतर वाचतो.