चिहिरो खरोखर मोठी होते का?

प्रश्न

हायाओ मियाझाकी यांचा २००१ सालचा ‘स्पिरिटेड अवे’ हा जपानी ॲनिमेशनपट मी नुकताच मुलीबरोबर दुसऱ्यांदा पाहिला. गाडीच्या मागच्या सीटवर निरोपाचा पुष्पगुच्छ कवटाळून कुरकुरणारी आणि नव्या शाळेला जीभ काढून दाखवणारी दहा वर्षांची चिहिरो पुढे प्रगल्भ होत जाते, असे या चित्रपटाविषयी नेहमी लिहिले जाते. मात्र सुरुवातीला भुयारात शिरताना ती आईच्या दंडाला जशी बिलगते, तशीच शेवटी परततानाही बिलगते आणि ‘इतकी चिकटू नकोस’ अशा अर्थाची आईची तक्रारही तीच राहते. मधल्या काळात आईवडील डुक्कर झाल्यामुळे देवांच्या स्नानगृहात राबून ती त्यांना सोडवते. मग एवढ्या दिव्यातून गेल्यावर तिच्यात बदल झाला तो नेमका कोणता?

प्रतिसाद १

मला तो बदल तिच्या साध्या वागण्याबोलण्यात दिसतो. स्नानगृहाच्या बंबखान्यात पाणी तापवणारा कामाजी तिला स्वतःची नात म्हणवून वाचवतो, तरी ती त्याचे आभार मानायला विसरते आणि तिथेच काम करणाऱ्या लिनला तिला दटावून त्याची आठवण करून द्यावी लागते. त्याच बंबखान्याकडे उतरताना ती लाकडी जिन्यावर बसून, एकेका पायरीवर पाय चाचपत सरकते. तिथे तिला मदत करणाऱ्या हाकूचा जीव धोक्यात आल्यावर मात्र भिंतीबाहेरच्या डळमळीत नळावरून ती पदर खोचावा तशा बाह्या बांधून धावत सुटते. भीती गेलेली नसते. त्या क्षणी तिचे लक्ष स्वतःकडे नसते, इतकेच.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. फक्त नदीच्या देवाने दिलेल्या कडू गोळ्याचा उल्लेख राहून गेला. डुक्कर झालेल्या आईवडिलांना माणसात आणण्यासाठी तिने तो जपून ठेवलेला असतो. त्यातला अर्धा ती जखमी हाकूच्या घशात कोंबते आणि उरलेला, दिसेल ते गिळत सुटलेल्या निनावी मुखवटेधाऱ्याला देऊन टाकते. देताना हा खरे तर आईबाबांसाठी होता, हेही ती त्याला सांगते. ते सांगण्यात रडगाणे नाही, म्हणून माझ्या लेखी चित्रपटाचा कणा तिथेच आहे.

नावाचेही तसेच. स्नानगृहाची मालकीण, जादूगारीण युबाबा तिच्या नावातली अक्षरे काढून घेते आणि ‘हजार’ या अर्थाचे एकच चिन्ह ठेवते, ज्याचा सुटा उच्चार ‘सेन’ होतो. स्वतःचे नाव तिला परत सापडते ते त्याच पुष्पगुच्छातल्या मैत्रिणीच्या कार्डावर. थोडक्यात, ज्या बालपणाला आपण पोरकट म्हणून हसलो, तेच तिला तारते.

प्रतिसाद ३

‘मोठी होते’ हा शब्दप्रयोगच मला खटकतो. मूळचे अंगात असलेले काहीतरी प्रसंग पडल्यावर वर येते, अशी ही कथा असल्याचे खुद्द मियाझाकींनीही सांगितले आहे, आणि म्हणूनच आईला बिलगणे शेवटीही तसेच राहते, असे मला वाटते. शेवटी युबाबा डुकरांतून आईवडील ओळखायला लावते तेव्हा समोरच्या डुकरांत ते नाहीत, हे तिला कसे कळते याचा खुलासा मात्र चित्रपट करत नाही. ते मला अजूनही थोडे सोयीचे वाटते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. काल शेवट पुन्हा लावला. भुयारातून बाहेर आल्यावर चिहिरो मागे वळून पाहते, तेव्हा युबाबाच्या जुळ्या बहिणीकडे, झेनिबाकडे, मिळालेला केसांचा बंद क्षणभर चमकतो. मुलीने तो पहिल्याच वेळी पाहिला होता म्हणे. मी विचारले नव्हते म्हणून ती बोलली नाही.