मदत हवी आहे: मामा तलावाची पातळी उन्हाळ्यात उतरवायची आहे, बदकांसाठी

नमस्कार मंडळी,

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गावाला एक मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला. भरला की साधारण ४० हेक्टर पाणी. पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, जेमतेम तीन मीटर खोल, आणि वरच्या अंगाला लांबवर नुसतं गुडघाभर. या तलावाचं जे काही वैभव होतं ते त्या गुडघाभर पाण्यातच होतं.

पूर्वी चैत्र-वैशाखात अर्धा तलाव उघडा पडायचा. तिथे गुरं चरायची, जमीन भेगाळायची. पावसाळ्यात त्याच जागेवर देवधान (रानटी भात) उठायचं, पाण्याखाली शेवाळकाड्यांचं, म्हणजे पाणगवताचं रान माजायचं, आणि दिवाळीनंतर चक्रांग, थापट्या, तलवार बदक, लालसरी यांचे थवे उतरायचे. अडई आणि काणूक तर इथलेच, पावसाळ्यात पिल्लं घेऊन फिरायचे.

आता तलाव बारा महिने भरलेला असतो. वरच्या बाजूने कालवा आला, उन्हाळी धानासाठी पाणी सुटतं आणि त्याचा पाझर, सांडलेलं पाणी सगळं आमच्या तलावात येतं. दुसरं म्हणजे जुनं तुडुम (पाणी सोडायची भोकं असलेली मोरी) बुजलं. दुरुस्ती झाली तेव्हा नवं गेट बसवलं ते जुन्या तळाच्या भोकापेक्षा बरंच वर. त्यामुळे गेट पूर्ण उघडलं तरी खालचं पाणी निघतच नाही. वर्तमानपत्रात छापून येतं की 'तलाव तुडुंब, गावात आनंद'. पण तलावात हात बुडवला तर मनगटाखालची बोटं दिसत नाहीत. पूर्वी जाळ्यात इतकं गवत अडकायचं की ढिवर (मासेमार) मंडळी वैतागायची. आता जाळं कोरं निघतं, त्यात एक हिरवी काडी नसते, फक्त सायप्रिनस (परदेशी कार्प मासा). काठाला बेशरम, एका कोपऱ्यात पाणकणीस. हिवाळ्यात थोडे वारकरी आणि पाणकावळे, बाकी पाणी रिकामं.

आम्ही काही जण दोन-तीन हिवाळे यावर बोलतो आहोत आणि मत असं बनलंय की तलावाला पाणी कमी पडत नाहीये, उन्हाळा कमी पडतोय. आजच्या पातळीपेक्षा एप्रिलअखेर एक मीटर खाली उतरवायचं, वरचा अर्धा भाग वाळू द्यायचा आणि पावसाने पुन्हा भरू द्यायचा, असा विचार आहे. मदत हवी ती इथे:

पाणी काढायचं कसं? गावातले पाच-सहा डिझेल पंप लावू असं पोरं म्हणतात. एकाने पाळ फोडायचा सल्ला दिला, तो आम्ही ऐकलेला नाही. उतरवायला सुरुवात केव्हा करावी म्हणजे थंडीतल्या पक्ष्यांनाही फायदा होईल? चिखल उघडा पडल्यावर बेशरम आणि पाणकणीस आणखी माजेल का, ही मोठी भीती आहे. गुरं तलावात सोडायची बंद करा असं काही पक्षिमित्र सांगतात, ते बरोबर आहे का? आणि सगळ्यात अवघड, मासेमारीचा ठेका ढिवर संस्थेकडे आहे. त्यांच्या पोटावर पाय देऊन काहीही करायचं नाही, हे आमचं आधीच ठरलंय.

२०१७ चे पाणथळ जागांचे नियम सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना लागत नाहीत, त्यामुळे तिकडून आधार नाही. तलाव जिल्हा परिषदेकडे आहे.

आणखी एक. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेतून जेसीबीने तलाव खोल करा, म्हणजे सगळे प्रश्न सुटतील, असं गावातला एक गट म्हणतो. शेजारच्या गावात तसं झालं. ताटासारखा पसरट तलाव कढईसारखा झाला. पाणी साठलं, पण बदकाला पाय टेकायला उथळ जागाच उरली नाही. याला उत्तर काय द्यावं?

पाटकरी:

सिंचनाच्या कामात आयुष्य गेलं म्हणून हिशेबापासून सुरू करतो. ४० हेक्टरवर एक मीटर पाणी म्हणजे ४ लाख घनमीटर. कडेला उतार असल्याने थोडं कमी धरा. गावातला पाच अश्वशक्तीचा पंप कमी उचलीवर सेकंदाला २५ लिटर देतो असं मानलं, तर तासाला ९० घनमीटर. एकटा पंप रात्रंदिवस चालवला तर सहा महिने लागतील. पाच पंपांनी सव्वा महिना, आणि डिझेलचा खर्च गावाला झेपणार नाही. त्यात कालव्याचं पाणी येतच असेल तर काढलेलं पुन्हा भरणार.

म्हणून आधी येणारं पाणी थांबवा. कालव्याकडून जिथे पाणी उतरतं तिथे चर खणून ते तलावाला वळसा घालून खालच्या नाल्यात न्या. आपल्या भागात मार्च ते मे उघड्या पाण्यातून नुसत्या उन्हाने पाऊण मीटरच्या आसपास पाणी उडतं. मे महिन्यात दिवसाला ८ ते १० मिलिमीटर. येणारं पाणी बंद झालं की तुमचं बरंचसं काम उन्हाळाच करेल.

उरलेलं पाणी गेटने खालच्या शेतांना द्या. रब्बीच्या पाणी-पाळ्या वाढवून मागितल्या तर शेतकरी तुमच्या बाजूने उभे राहतात. गेट ज्या पातळीला अडतं त्याखाली जायचं असेल तर पाळीवरून पाइप टाकून सायफन करा. तीन मीटरच्या तलावाला सायफन सहज चालतो, डिझेल लागत नाही, पाळीला धक्का नाही. बाहेरचं तोंड आतल्या पाण्यापेक्षा खाली हवं आणि सांधे हवाबंद. कायमचा उपाय म्हणजे जुन्या तुडुमाचं तळाचं भोक मोकळं करणं. हे तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांनी तुडुमाला वरपासून खालपर्यंत भोकं ठेवली ती याचसाठी, हवं त्या पातळीला पाणी आणता यावं म्हणून. जिल्हा परिषदेकडे अर्ज करताना 'पक्ष्यांसाठी पाणी सोडणे' असं लिहू नका, 'तुडुम पूर्ववत करणे' लिहा. आणि तहसीलमधून निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज (गावाच्या सामाईक हक्कांच्या जुन्या नोंदी) यांच्या नकला काढा. पाणी केव्हा, कसं सोडायचं याचा जुना रिवाज त्यात नोंदलेला असेल तर त्याहून मोठा पुरावा नाही.

पाणथळ:

तुमचं निदान बरोबर आहे. उथळ तलाव दोन अवस्थांत राहतो. एक स्वच्छ, तळापर्यंत उजेड आणि पाणवनस्पती. दुसरी गढूळ, शेवाळी, तळ उघडा. एकदा दुसरीत गेला की आपोआप परत येत नाही, कारण सायप्रिनस तळ उकरत राहतो, वारा गाळ उचलत राहतो आणि उजेडाशिवाय बी उगवत नाही. तळ वाळवला की हा फेरा तुटतो. गाळ घट्ट बसतो, त्यात निजलेलं जुनं बी जागं होतं, आणि उकरणारे मासे काढता येतात.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ख्रिस्तिना नावाचा मोठा उथळ तलाव आहे, कॅनव्हासबॅक बदकांसाठी प्रसिद्ध. तिथे १९६५, १९८७ आणि २००३ मध्ये औषध टाकून मासे मारले. प्रत्येक वेळी पाणी निवळलं, बदकं आली, आणि काही वर्षांत पुन्हा गढूळ. शेवटी पातळी उतरवण्यासाठी पंपघर बांधावं लागलं. आपल्याला औषध नको आणि पंपघरही नको, आपल्याकडे वैशाख आहे.

वेळ: डिसेंबरपासून अगदी हळू उतरवा. चक्रांग, तलवार बदक, थापट्या यांना वीतभर पाणी लागतं, मान पोचेल एवढं. पातळी हळू खाली गेली की ही वीतभर पाण्याची पट्टी रोज थोडी सरकते आणि नवी जागा चरायला मिळते. लालसरी बुडी मारते, तिला मीटरभर पाणी पाळीकडे राहू द्या. डोह कधीच पूर्ण सुकवू नका. मरळ, मागूर, कासवं तिथेच तग धरतात.

तुमची भीती खरी आहे. ओल्या चिखलावर पाणकणीस आणि जलपर्णी दोन्हींचं बी झपाट्याने उगवतं. जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून जून-जुलैत काठाने फिरून रोपं हाताने उपटणं यातून सुटका नाही. पाणकणीस उन्हाळ्यात अगदी बुडाशी कापा, पावसाचं पाणी खुंटांच्या वर चढलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बेशरम मात्र कापू नका, मुळासकट उपटून पाळीबाहेर वाळवून जाळा. तिचा तुकडाही रुजतो.

गुरांबद्दल: भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८२ मध्ये चराई बंद केली, आणि पॅस्पॅलम नावाच्या गवताने उथळ पाणी भरून गेलं. म्हशी हे गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. वाळलेल्या भागात गुरं चरू द्या. फक्त पावसाळ्यात अडई, काणूक आणि कमळपक्ष्यांच्या विणीच्या जागी, देवधान कोवळं असताना, दोन-अडीच महिने वळवून घ्या.

ढिवरपोर:

भाऊ, आमचं आधी विचारलंत, बरं वाटलं. पाणी उतरलं की एप्रिल-मे मध्ये मासोळी पूर्ण निघते, त्यात संस्थेचा तोटा नाही. तोटा होतो तो पुढे. जुलैत बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडायच्या वेळी पाणी आलं नाही तर वर्ष जातं. त्या एका वर्षाची ठेक्याची रक्कम माफ व्हावी असा ग्रामसभेचा ठराव हवा, तोंडी कबूल करून चालत नाही.

सायप्रिनस आणि गवत खाणारा ग्रासकार्प सोडायचा बंद केला तर गवत टिकेल. रोहू, कटला, मिरगल चालतात. गवत आलं की देशी मासोळी परत येते, तिला बाजारात भाव जास्त आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आपल्याच भागात तळ नांगरून पाणवनस्पती लावण्याचं काम ढिवर लोकांसोबत केलं आहे. त्यांना भेटा. आमच्या बायांना विचारा, कुठली काडी कुठल्या चिखलात लागते हे त्या सांगतील.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. पंपांचा विषय सोडून दिला. वळसा घालणाऱ्या चराची जागा काल पाहून आलो, वाटेत दोघांच्या बांध्या (धानाची शेतं) येतात, त्यातले एक तयार आहेत, दुसऱ्यांशी बोलणं चालू आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडतो: तुडुमाचं तळाचं भोक मोकळं करणे, ठेक्याच्या रकमेत सूट, आणि उथळ भागात जेसीबी न घालणे. गाळ काढायचाच असेल तर पाळीजवळच्या डोहातून, काठाचा उतार न मोडता.

पाटकरी काका, सायफनला किती इंची पाइप धरू, आणि पाळीवर चढवताना पाणी कसं भरतात, हे जरा खुलासेवार लिहाल का? ढिवरपोर, तुमच्याकडे किंवा जवळपास देवधान आणि पाण्याखालचं गवत चांगलं असलेला तलाव असेल तर कळवा. जूनच्या सुरुवातीला रोपं न्यायला ट्रॅक्टर घेऊन बायांसोबत येऊ. फक्त तिथे जलपर्णी नको, एक रोप जरी सोबत आलं तरी सगळं वाया जाईल.