दुसऱ्या महायुद्धाचं पारडं फिरलं त्या जागी गेलाय का कोणी? (अनुभव लिहा)

काल लेक मोबाईलवर गेम खेळत होता, त्यात रशियातलं स्टालिनग्राड आलं आणि म्हणतो बाबा तू इथे राहायचास ना? हो रे, ६ वर्षं. आता व्होल्गोग्राड म्हणतात, माझं एमबीबीएस तिथलं. मामायेव टेकडीवरचा तो ८५ मीटरचा तलवारवाल्या बाईचा पुतळा रोज दिसायचा पण सुरुवातीला थंडी आणि ॲनाटॉमी यातून डोकं वर काढायला वेळ कोणाला. मग एका मे महिन्यात घरमालकीण आजी तिच्या दाच्यावर, म्हणजे शहराबाहेरच्या बागेत, बटाटे लावायला घेऊन गेली. फावडं मारलं की खण्ण. गंजका लोखंडाचा तुकडा, कडा अजून धारदार. तासाभरात पाच-सहा निघाले. आजी मान वर न करता म्हणाली, बरणीत टाक. कुंपणाशी काकडीच्या लोणच्याची काचेची बरणी, अर्धी भरलेली, दरवर्षीची भर.

२३ ऑगस्ट १९४२ ला जर्मन बॉम्बफेकी विमानं आली तेव्हा आजी ६ वर्षांची. तेलाच्या टाक्या फुटून पेटतं तेल नदीवर पसरलेलं. आपण वाचतो नोव्हेंबरात रशियनांनी जर्मनांना वेढलं, २ फेब्रुवारी १९४३ ला जर्मन शरण, संपलं. आजी मात्र नदी ओलांडताना एका पायातला बूट गेला तेच सांगायची, दर वेळी.

कोकणकडा: लोखंड लागल्यावर पुढे खणलंत?? जिवंत निघालं असतं म्हणजे!

धागाकर्ता: २१ वर्षांचा होतो हो, अक्कल नंतर आली. तिथे सवय आहे, मोठं काही दिसलं की फोन करतात, पथक येऊन उचलून नेतं.

झोपाळू मांजर: कुकर लावून लिहितेय. आम्ही फ्रान्सला नॉर्मंडीत ओमाहा बीचवर गेलेलो, ओहोटी होती, पाणी इतकं लांब की अहो म्हणाले गुहागरला पाण्यापासून सुरूच्या बनापर्यंत पळायचं, पाठीवर ओझं आणि समोरून गोळ्या. ६ जून १९४४ ला अमेरिकन सैनिक मुद्दाम पाणी खाली असताना उतरवले कारण जर्मनांनी रोवलेले अडथळे दिसायला हवे होते. तेवढ्यात सासूबाईंना बाथरूम, ते शोधण्यात पाऊण तास. वर स्मशानभूमीत ९ हजारांवर कबरी, पांढरे दगड नुसते. सासूबाई बसमध्ये बसेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत, आमच्या घरात हा विक्रम आहे. शिट्टी झाली, आले.

टिळक पूल: आपल्या नागालँडमधलं कोहिमा कसं विसरलात लोकहो. बँकेने दिमापूरला टाकलेलं, एका रविवारी गेलो. उपायुक्तांच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर लढाई झाली, एका अंगाला जपानी, दुसऱ्या अंगाला आपले म्हणजे ब्रिटिश-हिंदी सैनिक, १९४४ चा एप्रिल-मे. बंगला गेला, कोर्टाच्या रेषा सिमेंटने आखून ठेवल्यात. मी चालत मोजलं, तीसेक पावलं. आमच्या सोसायटीचं पार्किंग मोठं असेल. दिमापूरचा रेल्वेडेपो जपान्यांच्या हाती लागला असता तर ब्रह्मदेशाकडे उलटं ढकलणं विसराच.

नाचणीची भाकरी: आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये, मणिपूरमधल्या सांगशाकला होते. कोहिमाच्या जरा आधी, मार्च १९४४. तिथे प्यायच्या पाण्याचे हाल झाले. बाकी काही सांगायचे नाहीत पण तांब्यातलं पाणी सांडलं की असे ओरडायचे, आम्हाला वाटायचं म्हातारा चिडका आहे.

टिळक पूल: सांगशाकने जपान्यांना थोपवलं म्हणून कोहिमाला तयारीला दिवस मिळाले. आजोबांना नमस्कार.

पुणेरी बोका: पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाचं नाव कोणीच घेत नाही? ४ जून १९४२, अमेरिकनांच्या हल्ल्यात जपानच्या चार विमानवाहू नौका कामातून गेल्या, त्यातल्या तीन काही मिनिटांत. खरा टर्निंग पॉइंट तोच.

कोकणकडा: बोकोबा, तुम्ही गेलाय का मिडवेला? अनुभव धागा आहे.

पुणेरी बोका: यूट्यूबवर.

शेवग्याची शेंग: विषयाला धरून नाही पण लिहितेच. आमच्या आजीचं युद्ध म्हणजे १४ एप्रिल १९४४, मुंबई गोदीतला स्फोट. मशीद बंदरला राहायचे. फोर्ट स्टिकीन बोटीत कापूस, दारूगोळा आणि सोनं एकत्र भरलेलं!! दुपारी चारच्या सुमाराला पहिला धडाका, अर्ध्या तासाने दुसरा. त्याच आठवड्यात बिऱ्हाड चिपळूणला, म्हणून आम्ही चिपळूणचे.

कोकणकडा: चिपळूण?? कुठली आळी?

शेवग्याची शेंग: व्यनि (खाजगी निरोप) करते.

नाचणीची भाकरी: धागाकर्ते, त्या बरणीचं काय झालं पुढे?

धागाकर्ता: माहीत नाही. निघताना आजीने त्यातला एक तुकडा रुमालात बांधून दिला होता. विमानतळावर काढून घेतला, धारदार आहे म्हणे.

झोपाळू मांजर: परत आले. भात खाली लागला.