लिंक पाठवली की समोरच्याकडे होमपेजच का उघडतं?

खिडकीवाली: रविवारी भाड्याचं घर शोधत होते. कोथरूड, टू बीएचके, २५ हजारांच्या आत, लिफ्ट हवी, मांजर चालायला हवं. अर्धा तास चाळून सात घरं उरली. लिंक कॉपी करून नवऱ्याला पाठवली, तर त्याच्याकडे होमपेज! 'शहर निवडा'पासून पुन्हा श्रीगणेशा. शेवटी सात स्क्रीनशॉट पाठवले. यूट्यूबच्या लिंकला 'टी=९०' जोडलं की व्हिडिओ थेट दीड मिनिटापासून सुरू होतो, मग यांना काय होतं? स्क्रीनवर जे दिसतंय ते लिंकमध्ये आलंच पाहिजे.

बॅकएंडवाला: 'आलंच पाहिजे' म्हणू नका. आमच्याकडच्या एका लॅबने रिपोर्टची लिंक पाठवली, ना पासवर्ड ना ओटीपी. मी भावाला फॉरवर्ड केली, त्याने फॅमिली ग्रुपवर. माझं कोलेस्टेरॉल आता अख्ख्या भावकीला पाठ आहे. लिंक ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहते. जितकं कमी भराल तितकं बरं.

खिडकीवाली: अहो, कोथरूड आणि कोलेस्टेरॉल एका तागडीत कशाला तोलता? रिपोर्टला लॉगिन लावा की. माझ्या लिंकमध्ये मी कोण ते नकोच आहे, फक्त काय शोधलं तेवढं हवंय.

चहाबाज: खिडकीवालीशी सहमत. सिंगल पेज ॲपमध्ये पान तेच राहतं, आतला मजकूर तेवढा बदलतो. पत्ता आपण होऊन बदलावा लागतो. त्यासाठी ब्राउझरमध्ये पुशस्टेट (पान न बदलता पत्ता बदलून हिस्टरीत नवी नोंद करणारी आज्ञा) कधीपासून आहे, पण डेमोत ते कुणाला दिसत नाही, म्हणून राहून जातं. एक मात्र आहे, फिल्टरच्या प्रत्येक टिकला पुशस्टेट मारलं तर बॅक दाबून दाबून बोट दुखतं. तिथे रिप्लेसस्टेट, ते नवी नोंद न करता आहे तीच बदलतं. आणि फिल्टर पत्त्यातल्या हॅशच्या (#) पुढे टाकू नका. तो भाग सर्व्हरकडे जातच नाही, मग व्हॉट्सॲपवर सगळ्या लिंकांचा प्रिव्ह्यू एकच.

बाबांचा_मोबाइल: तुमचं सगळं ॲड्रेस बारवर चाललंय. माझ्या वडिलांना तो माहीतच नाही, आणि होमस्क्रीनवर टाकलेल्या वेब ॲपमध्ये बहुतेकदा तो दिसतही नाही. ठळक 'शेअर' बटण द्या, फोनची नेहमीची शेअरची यादी उघडू दे.

चहाबाज: द्या ना! पण बटणाने पाठवायची लिंकच होमपेजची असेल तर?

लिपीकार: आपलं वेगळंच दुखणं. मराठी विकिपीडियावरच्या 'महाराष्ट्र' लेखाची लिंक क्रोममधून कॉपी करून बघा. काना, हलन्त धरून दहा चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये (संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत) प्रत्येकी ३ बाइट, लिंकमध्ये दर बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट (%) ३ अक्षरं. एका शब्दाची ९० अक्षरांची माळ! आमच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं, "व्हायरस आहे का रे?" छोटी लिंक द्यायला हवी.

बॅकएंडवाला: आणि ती छोटी करणारं दुकानच बंद झालं तर? गूगलने आपली छोट्या लिंकांची सेवा गुंडाळायचं २०१८ मध्ये जाहीर केलं. २०२५ मध्ये पडून असलेल्या जुन्या लिंकाही बंद पाडल्या.

लिपीकार: म्हणूनच बाहेरच्याची नको. विकिमीडियाची स्वतःची आहे, तशी.

खिडकीवाली: ताजी खबर. चौथ्या घराच्या ब्रोकरला म्हटलं, फोटो पाठवा. त्यांनी त्याच साइटची लिंक पाठवली. 'शहर निवडा.'