बिनशिलाईचं फ्लीस पांघरूण: गाठी मारल्या की कडा गोळा होतात, उपाय हवा

नमस्कार मंडळी. मिनियापोलिसजवळच्या आमच्या मराठी शाळेतली आठ ते बारा वर्षांची मुलं या हिवाळ्यात फ्लीसची, म्हणजे मऊ लवदार कापडाची, पांघरुणं करणार आहेत. प्रोजेक्ट लायनस ही संस्था १९९५ पासून आजारी आणि अडचणीतल्या मुलांसाठी हाताने केलेली पांघरुणं गोळा करते, त्यांच्याकडे द्यायची आहेत. ज्या मुलाच्या अंगावर ते जाणार त्याला ते घरच्यासारखं मऊ वाटावं, म्हणून नीट विचारून घेते आहे.

पद्धत तुम्हाला माहीत असेलच. दीड-दीड वाराचे दोन तुकडे, एक नक्षीचा, एक साधा, उलट्या बाजू आत ठेवून एकावर एक. काठ कापून टाकायचे, चारही कोपऱ्यांतून चार इंचांचे चौकोन काढायचे, मग कडेने इंचभर रुंद आणि चार इंच लांब पट्ट्या कापून वरची पट्टी खालचीशी बांधायची. फ्लीस टी-शर्टच्या कापडासारखं विणलेलं असल्याने दोरे सुटत नाहीत, म्हणून शिलाई लागत नाही.

अडचण अशी की निरगाठी मारल्यावर कड आक्रसते आणि पांघरूण सपाट पसरतच नाही, मधे फुगा येतो. शिवाय ताग्याचा पन्हा ६० इंच धरला तर एका पांघरुणाला जवळपास १९० गाठी होतात. एवढ्या गाठींनी लहान मुलांची बोटं दुखतील. गाठींऐवजी दुसरं काही करता येतं का? आणि २०२५ मध्ये जोआन या साखळीची कापडाची दुकानं बंद झाल्यापासून कापड बहुतेक ऑनलाइनच घेते. हात न लावता चांगलं फ्लीस कसं ओळखावं?

प्रतिसाद १
ताई, गाठी सोडा. दोन्ही थरांची पट्टी एकत्र धरा, मुळाशी दुमडा आणि घडीच्या मधोमध कात्रीने पाव इंचाची चीर द्या. उघडल्यावर अर्ध्या इंचाचं उभं भोक होतं. पट्टीचं टोक मागून त्या भोकातून ओढून घ्यायचं, बस. कड सपाट राहते, झालरही एकाच दिशेला पडते. चीर मोठी झाली तर पट्टी निसटते, म्हणून ती मोठ्यांनीच द्यावी. मुलांना फक्त ओढायचं काम ठेवा, ते त्यांना फार आवडतं.

प्रतिसाद २
गाठीच हव्या असतील तर त्या कापडाच्या कडेला अगदी भिडवू नका, थोडी ढील ठेवा. फ्लीस आडव्या बाजूने जास्त ताणतं, उभ्या बाजूने कमी. दोन तुकड्यांचा ताण एकाच दिशेला नसेल तर एक थर ओढला जातो आणि फुगा येतो. कापण्याआधी दोन्ही तुकडे हाताने ताणून बघा.

ऑनलाइन घेताना वर्णनात ‘अँटी-पिल’ लिहिलेलंच घ्या. स्वस्तातल्या फ्लीसवर चार धुण्यांत गोळे येतात. पट्ट्या एकसारख्या व्हायला कडेपासून चार इंचांवर चिकटपट्टी लावायची आणि तिथपर्यंतच कापायचं. दोन थर कापायला रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) आणि खाली कापायची मॅट असेल तर हाताला त्रास होत नाही. जुन्या कात्रीने हे काम करू नये, कड चघळल्यासारखी दिसते.

प्रतिसाद ३
मी नर्स आहे, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते. एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागेत मोकळं पांघरूण ठेवू नये, असं इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. म्हणून कोणत्या वयाच्या मुलांसाठी हवी आहेत ते संस्थेला आधीच विचारा. तान्ह्या बाळांसाठी झालरीचं करूच नका, ती तोंडात जाते. दुसरं, देण्याआधी बिनवासाच्या साबणाने गार पाण्यात धुवा. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, इस्त्री लागली की वितळतं आणि ड्रायरची उष्णता जास्त झाली की त्याचा मऊपणा जातो. फॅब्रिक सॉफ्टनरही नको.

धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. चिरेची पद्धतच घेते. चिरा पालक आधीच्या संध्याकाळी देतील, मुलं रविवारी पट्ट्या ओढतील. वयाचं आजच विचारते. एकच राहिलं: कोपऱ्यावर चौकोन काढल्यावर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये फट राहते, ती या पद्धतीत कशी झाकायची? कोणी केलं असेल तर फोटो टाकाल का?